हुकूमनामा आहे, बजावणी नाही

पॅलेस्टाईनचा प्रश्न निघाला की, त्याची मांडणी दोन धर्मांचे सनातन वैर म्हणून करण्याचा प्रघात आहे. ही मांडणी सोपी आहे, पण खरी नाही. हा तंटा मुळात जमिनीचा आहे. जमीन कोणाची, कागद कोणाच्या नावाचा आणि ज्याच्या हाती कागद नाही त्या कसणाऱ्याचा हक्क कोणता, हे त्यातील खरे वादमुद्दे होत. म्हणून त्याचा इतिहास कायद्याच्या अंगाने पाहणे अगत्याचे आहे.

१८५८ साली तुर्की साम्राज्याने जमिनीचा नवा कायदा केला. त्याप्रमाणे 'मिरी' जमिनीची मूळ मालकी सरकारची व कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा ठरला, आणि तो हक्क 'तापू' दप्तरात नोंदविणे आवश्यक झाले. परंतु नाव लागले तर कर वाढेल आणि मुलगा सैन्यात ओढला जाईल, या धास्तीने असंख्य शेतकऱ्यांनी नोंद केलीच नाही, किंवा ती एखाद्या बड्या असामीच्या नावे होऊ दिली. मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन अशा रीतीने बैरुतच्या सुर्सुक घराण्याच्या मालकीची झाली. त्या घराण्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत ती झिओनवादी संस्थांना विकली. खरेदीखत कायदेशीर होते, मोबदलाही चुकता झाला होता. परंतु जी कुळे ती जमीन कसत होती त्यांना कोणी विचारले? १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा दंडक असा की, घेतलेली जमीन पुन्हा विकावयाची नाही आणि ती ज्यूंनीच कसावयाची. त्यामुळे निघालेल्या कुळास परतीची वाट उरली नाही. १९२९ साली दंगली उसळल्या आणि हेब्रॉनमध्ये साठांहून अधिक निरपराध ज्यूंची हत्या झाली. त्या हत्येचे समर्थन कोणीही करू नये. मात्र त्यानंतर नेमलेल्या शॉ समितीने १९३० साली भूमिहीन व असंतुष्ट वर्ग निर्माण होत असल्याचा इशारा ब्रिटिश सरकारला दिला होता, हेही विसरू नये.

त्याआधीच २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोर यांनी ज्यूंना पॅलेस्टाईनात 'राष्ट्रीय निवास' देण्याचे वचन दिले होते. तेथे सुमारे नऊ-दशांश वस्ती अरबांची असता त्यांचा उल्लेख केवळ 'ज्यूइतर समाज' असा झाला. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची हमी दिली गेली, राजकीय हक्कांविषयी एक अक्षरही नव्हते. ज्यूंवर युरोपने शतकानुशतके केलेले अत्याचार आणि हिटलरने केलेला साठ लक्षांचा संहार हे मानवजातीवरील कलंक आहेत, आणि त्यांना सुरक्षित आश्रय मिळणे न्याय्यच होते. प्रश्न इतकाच की, युरोपच्या अपराधाचा दंड गॅलिलीच्या शेतकऱ्याने का भरावा?

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला. लोकसंख्येच्या सुमारे एक-तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्यास निम्म्याहून अधिक प्रदेश मिळाला. भारताने ठरावाविरुद्ध मत दिले. त्यापूर्वी चौकशी समितीत भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्याची योजना सुचविली होती. ती बाजूस पडली. १९४८ च्या युद्धात सात लक्षांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. त्यांना परतू द्यावे, अथवा भरपाई द्यावी, असा १९४ क्रमांकाचा ठराव त्याच वर्षी ११ डिसेंबरला झाला. पण १९५० साली इस्रायलने 'गैरहजर' मालकांच्या मालमत्तेचा कायदा करून त्यांची घरेदारे व शेते सरकारी ताबेदाराकडे सोपविली. जे देशाच्या सीमेतच राहिले, पण युद्धकाळात आपल्या गावाबाहेर होते, तेही या व्याख्येत सापडले. नागरिक म्हणून ते हजर, मालक म्हणून गैरहजर!

इक्रित गावची कथा याहून बोलकी आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने तेथील ख्रिस्ती अरबांना पंधरा दिवसांसाठी म्हणून गावाबाहेर काढले. ते पंधरा दिवस संपले नाहीत. गावकऱ्यांनी दाद मागितली, आणि जुलै १९५१ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा परतण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने गावची घरे उडवून दिली. फक्त चर्च उभे राहिले. वादी जिंकला, परंतु ज्या घराचा निकाल लागला ते घरच शिल्लक राहिले नाही.

१९६७ च्या युद्धानंतर पश्चिम किनारा, गाझा व पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले. १९७९ साली एलोन मोरे खटल्यात त्याच न्यायालयाने नाब्लुसजवळील खाजगी जमीन वसाहतीसाठी घेणे बेकायदा ठरविले. तेव्हा सरकारने दुसरा मार्ग काढला. १८५८ चा तोच तुर्की कायदा बाहेर आला. जी जमीन पडीक, जिची नोंद नाही, ती सरकारी, असे घोषित करून तीवर वसाहती उठविल्या गेल्या. आजोबाने भीतीपोटी न केलेली नोंद नातवाच्या मुळावर आली.

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदा असून तो शक्य तितक्या लवकर संपविला पाहिजे, असे मत दिले. तत्पूर्वी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली व अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो अक्षम्य अपराध होता. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे, साठ हजारांहून अधिक माणसे मेली. हे सूडाचे गणित कोणत्या न्यायात बसते? ओलीस धरलेल्याचा जीव आणि ढिगाऱ्याखालील मुलाचा जीव कायद्यापुढे एकाच मोलाचे आहेत.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी, न्यायालयाच्या त्या मतानुसार बारा महिन्यांत ताबा संपवावा, असा ठराव राष्ट्रसंघाच्या आमसभेत १२४ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. १९४७ साली फाळणीविरुद्ध मत देणाऱ्या आणि १९८८ साली पॅलेस्टाईनला मान्यता देणाऱ्या देशाला हे शोभले काय? दुबळ्याचा हक्क कागदावर मान्य करावयाचा आणि बजावणीची वेळ आली की मान फिरवावयाची, ही रीत आपल्या परिचयाची आहे. म्हणूनच तिचा निषेध करण्याचा अधिकारही आपला आहे. पुढील मतदानात भारताने आपले मत स्पष्ट द्यावे, अशी आमची मागणी आहे.