नाव बदलले म्हणून हाड खोटे ठरत नाही

मंडळी, हल्ली एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. "शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. आज एका कवटीला एक नाव, उद्या दुसरे. मग उत्क्रांती खरी कशावरून?" २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्यावरून वाद झाला, तेव्हा आमच्या नात्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनीही मला हेच ऐकवले. म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

ज्यांचा आपसात संकर होऊन प्रजननक्षम संतती होते, ती एक प्रजाती, ही व्याख्या आपण शाळेत घोकली. पण लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांची सोयरीक कशी जुळवून पाहणार? तिथे हाती असतो फक्त आकार, आणि आकार वयाने बदलतो, नर-मादीत बदलतो, माणसागणिक बदलतो.

जॉर्जियातल्या द्मानिसीचे पाहा. तिथे २००० साली एक भलामोठा खालचा जबडा सापडला. त्यावरून २००२ मध्ये 'होमो जॉर्जिकस' अशी नवी प्रजाती जाहीर झाली. २००५ मध्ये त्याच जबड्याची कवटी मिळाली. मेंदूची पोकळी जेमतेम ५४६ घनसेंटीमीटर, आपल्या निम्म्याहूनही कमी! शेजारच्या चार कवट्या हिच्याहून बऱ्याच वेगळ्या. पण सगळ्या एकाच जागच्या, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या. २०१३ मध्ये लॉर्डकिपानिद्झे आणि सहकाऱ्यांनी मांडले, की ही एकाच प्रजातीची माणसे आहेत. कवट्या वेगवेगळ्या ठिकाणी सापडत्या तर त्यांना वेगवेगळी नावे मिळाली असती. आफ्रिकेतल्या काही नावांवरही त्यांनी बोट ठेवले. इतरांना ते पटले नाही. वाद चालू आहे.

पण वाद कशाचा, ते तरी बघाल? रेघ कुठे ओढायची याचा. कवट्या आहेत, त्यांचे वय मोजलेले आहे, ते कोणी नाकारत नाही.

आता मी विचारतो, प्राकृताची मराठी नेमकी कोणत्या दिवशी झाली? आई प्राकृत बोलते आणि लेक मराठी, असे एकाही घरात घडले नाही. तारीख सांगता येत नाही, म्हणून मराठी प्राकृतातून आलीच नाही म्हणणार का?

प्रत्येक प्राणी स्वतंत्र घडवलेला असता, तर हाडे सुबक कप्प्यांत बसली असती. ती बसत नाहीत, सीमा पुसट आहेत. हळूहळू बदल होत गेला असेल तर त्या पुसटच असणार! ज्याला तुम्ही सिद्धान्तातले भोक समजता, तो त्याचा पुरावा आहे.

तेव्हा 'नवा पूर्वज सापडला' अशी बातमी आली की नावापाशी थांबू नका. हाडे किती, कुठली, किती जुनी, ते विचारा. आणि नाव बदलले तर टाळ्या पिटू नका. चूक सापडली की दुरुस्त करतात, त्यालाच शास्त्र म्हणतात.

असो. पटले नसेल तर जरूर भांडा. मात्र मुद्द्यावर.