दस्ता आधी आखूड करा

१९९१ साली जपानच्या तोक्यो मारुई कंपनीने विजेवर चालणारी फामास ही खेळातली रायफल बाजारात आणली आणि सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्यांच्या एअरसॉफ्ट खेळाला वेग आला. आज या खेळात हौसेने प्लेट कॅरिअर, म्हणजे छातीवर प्लेट बसवलेले जाकीट, चढवणारे पुष्कळ आहेत, पण त्यावर रायफल नीट टेकवायला फार थोडे शिकतात. छातीवर प्लेट आणि खांद्यावर जाड पट्टा आला की बंदूक तेवढीच पुढे ढकलली जाते. हात ताणले जातात, मान पुढे येते आणि गुळगुळीत नायलॉनवरून रायफलचा खांद्याला टेकणारा दस्ता बाहेरच्या बाजूला घसरतो. इलाज सोपा आहे. एम-४ रायफलचा सरकता दस्ता एक-दोन खाचा आत घ्या. एम-१६चा दस्ता पक्का असल्याने तिथे ही सोय नाही. अंग तिरके न ठेवता लक्ष्यासमोर सरळ उभे राहा, दस्ता खांद्याच्या टोकाऐवजी गळपट्टीच्या हाडाजवळ, पट्ट्याच्या आतल्या अंगाला टेकवा आणि कोपरे खाली सोडा. पट्ट्यावरचे बक्कल, वायर तिथून हलवा. दस्त्याला रबरी पॅड लावा. जाळीच्या मुखवट्यामुळे गाल टेकत नसेल, तर साइट उंच बसवा. मग मॅगझिन काढून, नळी रिकामी करून, पूर्ण पोशाखात डोळे मिटून बंदूक उचला. डोळे उघडताच साइट समोर दिसली, तर मांडणी जमली. नवे सामान घेण्याआधी प्रत्येक खेळाडूने हा सराव करावाच. दिवसभराच्या खेळात मान आणि खांदे त्यानेच वाचतात.