धूसर चित्राचा दोष टीव्हीचा नव्हे
रीमा कागतींच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटामुळे नासिर शेख यांचा २००० सालचा व्हिडिओपट ‘मालेगाव के शोले’ पुन्हा आठवला गेला, हे उत्तमच. पण त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटी, लग्नाच्यासुद्धा, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसल्या की लोक टीव्हीला नावे ठेवतात. हे चूक आहे. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा; त्यात कॅसेटवरून कॅसेट उतरवली, की दर प्रतीत रंग पसरतात, कडा विरघळतात. नवा टीव्ही उणीव भरून काढतो म्हणावे, तर तो अंदाज भरतो, पुसलेला चेहरा परत आणत नाही. तेव्हा मूळ कॅसेट शोधा, व्हीसीआरचे हेड साफ करून घ्या, पट्टे दिसले तर ट्रॅकिंग जुळवा, शार्पनेस कमी करा आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा.