श्वाननिद्रेचा उपदेश पुरे!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा संकेत आहे. पण यंदा तो मोडून मला एका जुन्या सुभाषिताशी भांडावयाचे आहे. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे ते सुभाषित आम्ही मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले. त्यातले एक लक्षण म्हणजे श्वाननिद्रा. विद्यार्थ्याने कुत्र्यासारखे सावध निजावे, जरा खुट्ट झाले की उठून पुस्तक धरावे! ज्या कुत्र्याचा हा दाखला, तो दिवसरात्र मिळून माणसापेक्षा जास्तच झोपतो, हे मात्र कोणी सांगितले नाही.

माझ्याच वर्गातली गोष्ट सांगतो. पहिल्या तासाला एक मुलगा बाकावर मान टाकून झोपला. मी ‘कुंभकर्ण’ म्हणून हाक मारली. वर्ग खो खो हसला. त्याला मी तासभर उभे केले. पुढे कळले की, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तो रात्री एकपर्यंत पाठांतर करी आणि साडेपाचला उठे. एवढे करूनही आदल्या रात्री घोकलेले त्याला सकाळी आठवत नसे. मी त्याला आळशी ठरवले होते. खरा अपराधी फळ्याजवळ उभा होता.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, हाच आपला मूळ गैरसमज. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरे पाठ करावयास लावली. आठ तास जागे राहिल्यावर त्यांना दहापैकी जेमतेम एक आठवे. आठ तास झोपल्यावर पाच-सहा आठवत!

कोणी म्हणेल, झोपेत नवे काही कानावर पडत नाही, म्हणून जुने टिकते; त्यात झोपेचे कर्तृत्व काय? कर्तृत्व आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे. दिवसा शिकलेले प्रथम तेथे उतरते. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिले की, हिंडताना तेथील ज्या पेशी एकत्र चेतत होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतत. म्हणजे उंदीर झोपेत जणू उजळणी करीत होता! गाढ झोपेतल्या अशा उजळणीमुळेच आठवणी मेंदूच्या बाह्यकात पक्क्या होत जातात, असे आज शास्त्रज्ञ मानतात. आपण मुलाला जागवतो आणि हा न दिसणारा मास्तर घरी परत पाठवतो.

‘आम्ही नाही का रात्री जागून पास झालो?’ असे पालक विचारतात. झालात, बाबांनो! पण त्यातले आज काय आठवते, तेही सांगा.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. आता हिशेब करा. सातची शाळा, म्हणून साडेपाचला उठणे. रात्री नऊला क्लास सुटतो. मग जेवण, मग गृहपाठ. साडेअकराला पाठ टेकली तर सहा तास उरतात. लवकर निजावे आणि लवकर उठावे, या म्हणीचा पहिला अर्धा भाग आपण गिळून टाकला आहे!

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असे ठरवले. उत्तम झाले. पण पाचवीत पाऊल टाकताच मुलाचा मेंदू बदलतो काय? उलट वयात येताना रात्रीची झोपच उशिरा लागते, हा शरीराचा धर्म आहे. हे ओळखूनच कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला आणि २०२२ पासून तेथील बहुतेक माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठच्या आधी घंटा देण्यास बंदी आली. आपल्याकडे इमारत एक आणि पाळ्या दोन, ही अडचण मी रोज पाहतो. पण रात्रीचा क्लास आणि वहीभर गृहपाठ यांना कुठल्या इमारतीची अडचण आहे? ते तर तुमच्या-माझ्या हातात आहे.

माझ्यापुरते सांगतो. ‘कुंभकर्ण’ ही हाक माझ्या वर्गातून गेली आणि गृहपाठही निम्मा झाला. आता पाळी तुमची. नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलाला खुशाल उठवा, उटणे लावा, अभ्यंगस्नान घाला. त्या एका पहाटेबद्दल माझी तक्रार नाही. पण फराळ करून दुपारी तो आडवा झाला, तर सुट्टीचा अभ्यास घेऊन त्याच्या उशाशी बसू नका. तो अभ्यासच करतो आहे!