‘मशीन गेलं’ म्हणण्याआधी

शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये विंडोज एक्सपीवरचा ‘पिनबॉल’ खेळला असाल ना? ती चकाकणारी गोळी आणि तिला वर उडवणारे खालचे दोन फ्लिपर! खरं पिनबॉल म्हणजे काचेखालचं भलंमोठं यंत्र. त्यात विजेवरचे फ्लिपर आले १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर. आता म्हणाल, काय भो, असोद्यात बसून आपल्याला हे कशाला? तर त्या फ्लिपरचा सख्खा भाऊ तुमच्याच शेतात, विहिरीजवळच्या पेटीत बसलाय.

फ्लिपरखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते. बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं, लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि फ्लिपर उडतो. एवढा करंट सतत चालू राहिला तर कॉइल जळेल. म्हणून फ्लिपर वर पोचताच एक छोटा स्विच उघडतो आणि धरून ठेवण्यापुरताच करंट उरतो. हा स्विच उघडला नाही, तर कॉइल तापते. त्याच्या टोकांवर काजळी बसली, तर फ्लिपर लुळा पडतो. खेळणारा म्हणतो, ‘मशीन गेलं.’ जाणकार आधी कॉन्टॅक्ट बघतो.

आता मोटरीचा स्टार्टर घ्या. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल कॉन्टॅक्ट ओढून जोडते, मोटर फिरते. लाइट गेली की कॉइल सोडून देते. स्टार्टर घूं-घूं करतो, तेव्हा बऱ्याचदा चुंबकाच्या तोंडाशी धूळ किंवा गंज असतो, नाहीतर व्होल्टेज कमी असतं. ठिणग्यांनी कॉन्टॅक्टला खड्डेही पडतात. केळी पाण्याला आलेली, लाइट रात्रीची, आणि आपण मात्र ‘खराब झालं, नवीन आणू’ म्हणून मोकळे!

आपल्या विद्यापीठाला जिचं नाव आहे, ती असोद्याची बहिणाबाई कधी शाळेत गेली नाही. पण घरोट, मोट ती निरखून बघायची. आपण डिग्री घेतो आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला कमी समजतो. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला डोकं लागत नाही का?

जुन्या पिनबॉल मशीनसोबत तिच्या वायरिंगचा नकाशा यायचा. दुरुस्त करणाऱ्याला तो हाताशी असायचा. आज आपल्या किती वस्तूंसोबत असा नकाशा मिळतो? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं, सगळं त्यात आहे. मात्र आपण विचारलंच नाही, तर दुकानदार स्वतःहून कशाला सांगेल? पुढच्या खरेदीला तीन गोष्टी विचारा: मॅन्युअल आहे का, सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कुठे होते?

आणि हो, थ्री फेजशी मस्ती नको. पेटी उघडायची ती मेन स्विच बंद करून, वायरमन सोबत असतानाच. तो काम करत असताना मोबाइल खिशात ठेवा आणि शेजारी उभे राहा. ‘हे कशाने झालं?’ एवढं विचारा. अर्ध्या तासात मिळेल ते नोट्समध्ये सापडणार नाही.