धोक्याची घंटा वाजलीच पाहिजे



ऊस विकास विभागाने विजेच्या रिलेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण १९८० साली उजनी धरण पुरे झाले तसा आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढत गेला, आणि तो जगतो मोटारीवर. मोटार जळाली की पाण्याची पाळी चुकते. चैत्र-वैशाखात पाळी चुकल्यावर खोडव्याचे काय होते, ते आम्ही तुम्हांला सांगायला नको.

हल्ली विहिरीवरच्या धोक्याच्या घंटेला सॉलिड स्टेट रिले बसवा, असे सांगणारे कारागीर भेटतात. हा रिले वाईट नाही. त्यात हलणारा भाग नाही, ठिणगी पडत नाही, मुंग्या किंवा पाल शिरून टोके अडकण्याची भीती नाही. दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद करायचे काम असेल तर तोच घ्यावा.

घंटेची गोष्ट मात्र निराळी. हा रिले बंद असतानाही त्यातून काही मिलीअँपिअर करंट झिरपतो. जुन्या बल्बाला तो पुरत नाही, पण बारीक एलईडी दिव्याला पुरतो. एका सभासदाच्या विहिरीवर आम्ही हे पाहिले. पाणी भरपूर, तरी लाल दिवा मंद जळतच होता. घरच्यांनी तिकडे बघणेच सोडले. 'लांडगा आला रे' असे रोज ओरडल्यावर खऱ्या दिवशी कोण धावणार? पाणी सरले, मोटार कोरडी फिरली आणि गेली.

दुसरे असे की, हा रिले जळतो तेव्हा बहुतेक वेळा जोडलेलाच राहतो. म्हणजे 'सर्व ठीक' सांगायला ठेवलेला रिले मेल्यावरही 'ठीक'च सांगत राहतो! शिवाय एसीचा रिले बॅटरीच्या घंटेला जोडला, तर एकदा लागलेली घंटा थांबत नाही.

सबब आमचे मत असे : घंटा 'टक्' वाजणाऱ्या जुन्या रिलेवरच ठेवावी. सर्व ठीक असताना तो ओढलेला राहील, आणि वायर तुटली किंवा फ्यूज उडाला की सुटून बॅटरीवरची घंटा वाजवील, अशी जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. ठरल्या वेळी लाईट गेली तरी ती वाजेल, अशी तक्रार येईल. येऊ द्या. बटण दाबून तिला गप्प करता येते; जळालेली मोटार बटण दाबून चालू होत नाही.

जुना रिलेही चिकटतो, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून पेटी घट्ट बंद असावी, आणि दर अमावास्येला मेन स्विच पाडून घंटा वाजते का ते पाहावे. काम दोन मिनिटांचे आहे. तेवढे केले तर फड वाळणार नाही.

— ऊस विकास विभाग