गाडी दिलीत, नर्सबाईंचा पगार कोण देणार?

मार्च तोंडावर आला की कंपन्यांच्या सीएसआर विभागांचे फोन सुरू होतात. ३१ तारखेच्या आत खर्ची पडेल असे काही असेल तर ताबडतोब कळवा, असा निरोप असतो. महिन्याभरात खर्ची पडते ती वस्तू: गाडी, यंत्र, खाटा, पाण्याची टाकी. यंदा याच सुमारास आलेल्या वाचकपत्रांत भिवापूर, उमरेड, कुही, पवनी या पट्ट्यातल्या छोट्या न्यासांची पत्रे बरीच आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच आहे. प्रस्तावातली मानधनाची ओळ कापून आली.

भिवापूर तालुक्यातल्या एका न्यासाच्या सचिवांनी तर कापलेल्या अंदाजपत्रकाची प्रतच पाठवली आहे. त्यांनी फिरता दवाखाना मागितला होता. सोबत एक एएनएम नर्स, एक चालक, आठवड्यातून दोन दिवस लॅब टेक्निशियन आणि डिझेल. मंजूर झाली गाडी, ईसीजीचे यंत्र आणि रक्त तपासण्याचे यंत्र. माणसांच्या तिन्ही ओळींपुढे आणि डिझेलपुढे एकच शेरा आहे: 'प्रशासकीय खर्च, ५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर.' गाडी आली, दोन्ही अंगांना देणाऱ्याचे नाव रंगवून आली, फीत कापली गेली, फोटो निघाले. तेव्हापासून ती सचिवांच्या घरामागे उभी आहे. मालमत्ता न्यासाच्या नावावर असल्याने विमा, फिटनेस आणि बसलेली बॅटरी हे सगळे न्यासाच्याच गळ्यात. कंपनीने मात्र तिमाही अहवालात किती रुग्ण तपासले तो आकडा मागितला आहे.

हा शेरा कोणत्या कंपनीचा, याला महत्त्व नाही. तोच शेरा आम्हाला निरनिराळ्या पत्रांत दिसतो आहे, म्हणून तो कुठून आला ते एकदा नीट पाहू. सीएसआर नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची व्याख्या त्यात आली. कंपनीला आपल्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी जो खर्च येतो, तो प्रशासकीय खर्च. त्यावर ५ टक्क्यांची मर्यादा. त्याच व्याख्येत पुढे म्हटले आहे की एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च यात धरायचा नाही. फिरत्या दवाखान्यातली नर्स ही अंमलबजावणी नाही तर काय आहे? कंपनीच्या मुख्य कार्यालयाला घातलेली मर्यादा तिथले अधिकारी उचलतात आणि भिवापूरच्या एएनएमच्या पगारावर आणून लावतात. नियम वाचणारा माणूस त्या विभागात एकही नसावा, यावर आमचा विश्वास बसत नाही. वाचूनही सोयीचे तेवढेच घेतले जाते आहे.

परिणाम-मूल्यमापनाचेही तसेच. ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचे आहे, तेही प्रकल्प पुरा होऊन किमान वर्ष झाल्यावर. ही जबाबदारी कंपनीची. काही लाखांच्या कामाला सहाव्या महिन्यात 'इम्पॅक्ट रिपोर्ट' मागायचा आणि तो न्यासाने स्वखर्चाने करून द्यायचा, हे कुठल्याच नियमात लिहिलेले नाही. मार्चची घाईसुद्धा कायद्याने लादलेली नाही. काम चालू प्रकल्प म्हणून मंजूर केले तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. म्हणजे नर्सबाईंना तीन वर्षांची हमी देण्याची सोय कायद्यातच आहे. ती वापरायची इच्छा हवी.

आता या पैशाने नेमके होते काय, ते भिवापुरातच पाहा. मिरचीच्या हंगामात इथल्या सातऱ्यांवर बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ तोडतात. मजुरी वजनावर, त्यामुळे उठले की मजुरी बुडाली. हातांची आग रात्री झोपू देत नाही, खोकला हंगामभर जात नाही. या बाईला दुपारी बाराच्या शिबिराला बोलावून ती येणार नाही. दवाखान्याने संध्याकाळी सातऱ्याच्या फाटकाशी उभे राहायचे असते, कोणाचा रक्तदाब गेल्या आठवड्यात वाढलेला होता ते नावानिशी लक्षात ठेवायचे असते आणि पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी, त्याच वेळी परत यायचे असते. यंत्र हे करू शकत नाही. तिथल्या बायका जिला ओळखतात अशी पगारी नर्स आणि वेळेवर गाडी काढणारा चालक लागतो.

सिकलसेलमध्ये तर हे आणखी उघडे पडते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले, २०४७ पर्यंत निर्मूलन म्हटले गेले. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शिबिरांना प्रायोजक चटकन मिळतात. सोल्युबिलिटी टेस्ट झाली, मुलीच्या हातात 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद आला, शिबिर उठले. ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाल्याशिवाय कळत नाही. तोवर घरात काय होते? आई तो कागद डब्यात लपवते, कारण लग्नाची बोलणी चालू असतात. रुग्ण निघाली तर फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया, ठरावीक काळाने सीबीसी, दुखणे उसळले तर कुठे न्यायचे याची माहिती, आणि घरच्यांशी पुन्हा पुन्हा बोलणे. पाठपुराव्याला माणूस नसताना शिबिर घेणे हा त्या मुलीवर अन्याय आहे. असे शिबिर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माणसांवर केलेला खर्च वाया जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजनकाटा, थर्मामीटर, श्वास देण्याची पिशवी, जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शन, एवढेच साहित्य. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे घरोघरी नवजात काळजीची हीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. त्या कामाचे अंदाजपत्रक आजच्या एखाद्या सीएसआर अधिकाऱ्यापुढे ठेवले असते तर प्रशिक्षण, मानधन, पर्यवेक्षण या सगळ्या ओळींवर काट बसली असती आणि ३९ थर्मामीटर मंजूर झाले असते. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने जे उभे केले, त्याचा पायाही गावातल्या आरोग्यसेविकाच. आणि आपल्या नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला, तोही प्रसूतीच्या वेळी बाईजवळ शिकलेली बाई असावी म्हणून.

कंपन्यांना बोललो, आता घरच्यांना बोलायला हवे. पगार कापला जातो म्हणून आपल्यातले कित्येक न्यास तो 'प्रशिक्षण साहित्य' किंवा 'औषधे' या शीर्षाखाली दडवतात. मग लेखापरीक्षणाच्या वेळी औषधांची बिले जुळवत बसतात. हे बंद करा. एक तर ते खोटे आहे. दुसरे म्हणजे अशाने नर्सबाईंचा खरा पगार किती, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही आणि पुढच्या न्यासाची ओळ आणखी सहज कापली जाते. तक्रार करणाऱ्या न्यासांपैकी काहींचा सीएसआर-१ क्रमांकच नाही, २०२१ पासून तो सक्तीचा असताना. काहींच्या अनुसूची-१ वर अजून दिवंगत विश्वस्तांची नावे आहेत. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो हे ठाऊक असून तो दिलेला नाही. धर्मादाय कार्यालयात अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, हे खरे आहे आणि त्यावर आम्ही याच पानावर लिहीत आलो आहोत. पण न दिलेला अर्ज पडून राहिला असे म्हणता येत नाही.

गावातल्या देणगीदारांकडे आपण पुरेसे जातच नाही. भिवापुरात मिरचीचे व्यापारी आहेत, धानाच्या गिरण्या आहेत, शिक्षक आहेत, पेन्शनवर असलेली माणसे आहेत. यांच्याकडे आपण वर्षातून एकदा पावतीपुस्तक घेऊन जातो. दरमहा ठरलेली लहान रक्कम देणारी शंभरेक घरे बांधून ठेवली तर एका एएनएमचा पगार कंपनीच्या मेहेरबानीवर राहत नाही. रोख २,००० च्या वर घेऊ नका, ८०जीची करसवलत मिळत नाही. यूपीआय किंवा धनादेश घ्या. देणगीदारांचे विवरण ३१ मेच्या आत भरा, उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात आणि ते रुग्णांच्या पैशातून जातात. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना सवलत मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगा. आपल्या वस्तीत येणाऱ्या नर्सबाईंना ओळखणारा माणूस सवलतीशिवायही देतो. न देणाऱ्यापर्यंत बहुधा आपणच पोहोचलेलो नसतो.

आणि या मार्चमध्ये एक करा. कंपनीचा फोन आला की वस्तूची यादी पाठवू नका. तीन वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून प्रस्ताव द्या. मनुष्यबळाची ओळ सर्वांत वर लिहा, तिच्यासमोर 'थेट अंमलबजावणी खर्च' असे नमूद करा आणि २०२१च्या दुरुस्तीतली व्याख्या सोबत जोडा. गाडी देणार असतील तर चालक, डिझेल, विमा यांच्या तीन वर्षांच्या तरतुदीशिवाय करारावर सही करू नका. नकार द्यायला जीव धजत नाही हे आम्ही जाणतो. एका न्यासाने नकार दिला तर गाडी शेजारच्या तालुक्यात जाईल. पट्ट्यातल्या सगळ्यांनी दिला तर कंपनीला नियम वाचावा लागेल. उमरेड, भिवापूर, कुही आणि पवनी इथल्या न्यासांनी एकत्र बसून निदान नर्स आणि चालक यांच्या मानधनाचा किमान दर तरी एक ठरवावा. आज एकाच कंपनीकडे एक न्यास जो आकडा मागतो, दुसरा त्याच्या निम्म्याने काम करायला तयार होतो, आणि त्यात पोळते ती नर्स.

ज्यांच्या ओळी कापल्या गेल्या आहेत त्यांनी शेऱ्यासह ती पाने कंपनीचे नाव झाकून आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या अंकात नमुना अंदाजपत्रक आणि कापलेल्या ओळीला द्यायच्या उत्तराचा मसुदा छापत आहोत. तो तुमच्या लेटरहेडवर जसाच्या तसा वापरा.